नागेशनं कधी टाइपच न केलेला मजकूर

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळतात. दाराला टांगत नाहीत, कुणावरून उतरवून चौकात टाकत नाहीत. वडील शाळेत हेडक्लार्क होते. कुणी म्हणालं की अमक्याच्या अंगात आलं, तमक्याला विहिरीवर बाई दिसली, की ते चष्मा वर करून एकच विचारायचे, "कागद आहे का?" मी त्यांचीच मुलगी. या ग्रुपवरचे असले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगते, रागावू नका, निम्म्या वेळा हसते. आता हसायची पाळी तुमची. फक्त शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, अर्ज, प्रतिज्ञापत्रं... एकोणीस वर्षं हेच करतेय. वय त्रेचाळीस, लग्न केलं नाही. का ते विचारू नका, तो काही अमानवीय अनुभव नाही. घरात आई, मी आणि माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान भाऊ, नागेश. त्याला पाळण्यात मीच झोके दिलेत, त्यामुळे त्याच्यावर ओरडायचा हक्क आपलाच, असं मी धरूनच चालले होते.

दुकानात दोन कॉम्प्युटर. एक नवा, ऑनलाइन फॉर्मसाठी. दुसरा वडिलांनी जाण्याआधी घेऊन दिलेला, पुरातन. तो ठेवायचं कारण म्हणजे आमचा मराठी फॉन्ट. त्या सॉफ्टवेअरला मशीनच्या मागे एक ठोकळा लावावा लागतो, कुलूप म्हणतात त्याला, आणि नव्या मशीनला तो लावायची जागाच नाही. शिवाय माझा आणि नागेशचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला. पत्रिका सगळ्या तिथेच. पण रॅम अगदी थोडी. वाढवावी तर एक स्लॉट मेलेला आणि त्या जातीची रॅम आता मिळत नाही. जरा मोठी फाइल उघडली की पुढचा लाल दिवा पेटायचा तो पेटलेलाच, आतून कुर्रर्र... कुर्रर्र आवाज, आणि माउसही जागचा हलायचा नाही. मी अशा वेळी कीबोर्डवर थापा मारते. नागेश दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसायचा. "अक्का, त्याला वेळ दे की. त्याचं त्याचं चाललंय आत," म्हणायचा.

नागेश डी.एड. झालेला. शिक्षक भरतीची वाट बघत एकतीस वर्षांचा झाला. तोवर माझ्या दुकानात. हुशार, अक्षर सुंदर, पण बोलायला कमी. गेल्या वर्षभरात अजूनच कमी. मला दिसत होतं आणि मी बघत नव्हते. दोन्ही एकदम करता येतं, हे मला आता कळलंय.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या धंद्यात नवी पत्रिका कुणी कोरी टाइप करत नाही. जुनी उघडायची, नावं बदलायची, झालं. नागेशनं तसंच केलं. जुन्या पत्रिकेत आजोबांच्या नावामागे "कै." होतं. नाव बदललं, ते तसंच राहिलं. पाचशे पत्रिका छापून गेल्या आणि सोमवारी दुपारी ते आजोबा स्वतः काठी टेकत दुकानात आले. पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी अजून हाय की हो बाई."

एरवी मी हसून पाया पडले असते, त्यांनीही सोडून दिलं असतं. पण दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं. मी त्या सगळ्यांसमोर नागेशला म्हणाले, "तुझ्यानं एवढंही होत नाही? मग कशाला बसतोस हितं? जागा अडवायला?"

तो उभा राहिला. "चुकलं अक्का," एवढंच म्हणाला. आजोबांना पाणी दिलं. पत्रिका दुरुस्त केली, संध्याकाळपर्यंत बसून प्रत्येक ओळ तपासली. घरी जेवला. ताट धुतलं.

मंगळवारी सकाळी अंथरुणाची घडी घातलेली, फोन उशीवर, घड्याळ फोनवर. चिठ्ठी नाही. आई म्हणाली दूध आणायला गेला असेल. दूध तर ओट्यावर होतं.

त्या दिवसाचं काय लिहू... रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, त्याचे दोन मित्र, कॉलेज. सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं मी पूर्ण फेरी मारली आणि प्रत्येक पायरीवर थांबून पाण्यात बघितलं. माझं मलाच कळत होतं मी काय शोधतेय. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. हवालदार चांगला होता, "तरणा माणूस हाय ताई, राग शांत झाला की येतोय बघा," म्हणाला. घरी आई दारात बसलेली. मला बघून फक्त मान वर करायची आणि मी एकटीच आहे असं दिसलं की खाली घालायची. दिवसभरात असं पाच-सहा वेळा झालं असेल.

संध्याकाळी मी दुकान उघडलं आणि मला येतं ते एकमेव काम केलं. पत्रक. "हरवला आहे" असं वर ठळक, मग फोटो, उंची, रंग, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट. खाली सगळे लिहितात तेच, "नागेश, असशील तिथून घरी ये. कोणी रागावलेलं नाही." आयुष्यात पन्नास जणांसाठी तरी हे वाक्य मी टाइप केलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

अर्थात जुन्या मशीनवर केलं. फॉन्ट तिथे, हात तिथे. त्याचा परीक्षेच्या फॉर्मवरचा फोटो मी स्कॅन केला, चेहरा स्पष्ट यावा म्हणून होईल तेवढा मोठा ठेवला. झालं, मशीन हँग. लाल दिवा पेटला तो चाळीस मिनिटं. कुर्रर्र कुर्रर्र... फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं येत होता. कपाळ आलं, मग भुवया, मग बराच वेळ काहीच नाही. मी त्या डब्यावर मुठी मारल्या, त्याला शिव्या दिल्या, शेवटी त्याच्यावरच डोकं टेकून रडले. मग डोळे आले.

बुधवारी सकाळी गल्लीतली मुलं घेऊन पत्रकं चिकटवली. दुपारी इरफान आला. इरफान आमची मशिनं दुरुस्त करतो, वडिलांपासूनचा संबंध. हातात माझंच पत्रक होतं, कुठल्या तरी खांबावरून काढून आणलेलं.

"आपा, ये कौनसी मशीन पे बनाए?"

मी जुन्याकडे बोट दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून बसला आणि मराठीत, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला.

"आपा, रॅम म्हणजे काम करायचा टेबल. तुमचा टेबल एवढासा. जागा पुरली नाही की मशीन काय करते, टेबलावरचे कागद उचलून मागच्या कपाटात कोंबते, लागले की परत काढते. कपाट म्हणजे हार्ड डिस्क. तो आवाज येतो ना, लाल दिवा पेटतो, ते हेच. कोंबाकोंबी. स्वॅप म्हणतात त्याला. आता गंमत अशी, माणसानं सेव्ह केलेलं नसलं, नुसतं टाइप करून पुसलं, तरी त्याचा तुकडा त्या कपाटात राहून जातो. महिना महिना राहतो. नागेश इथंच बसायचा. काही लिहून पुसलं असेल तर तिथं सापडलं असतं."

"असतं म्हणजे?"

तो खाली बघत म्हणाला, "त्याच्यावर दुसरं काही चढलं नाही तोपर्यंत राहतं. तुम्ही काल एवढा मोठा फोटो चढवला."

भाऊ शोधायला म्हणून मी जे पत्रक केलं, त्यानंच त्याचे शब्द पुसले. हे कळल्यावर माणूस काय करतो? मी इरफानचा हात धरला आणि म्हणाले, "काय पण कर. पाया पडते तुझ्या." मी कुणाच्या पाया पडणारी बाई नाही, त्याला माहीत होतं. त्यानं मशीनची वायर काढली, डिस्क खोलून पिशवीत घातली आणि आपल्या दुकानात नेली. मीही मागोमाग गेले. डिस्क आधीच मरायला टेकलेली होती. त्यानं तिची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली. दर थोड्या वेळानं अडकायची, टक टक वाजायची, परत चालायची. संध्याकाळी सहा चाळीसला कॉपी पूर्ण झाली. वेळ पक्की सांगते, कारण ती त्या फाइलवर नोंदलेली होती, आणि कारण त्यानंतर दोनच मिनिटांत मूळ डिस्कनं एक मोठा खरखराट केला आणि ती कायमची बंद पडली. इरफाननं ती काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

गुरुवारी सकाळी दहाला त्याचा फोन आला. "आपा, या. तुमच्या फॉन्टमधलं काहीतरी निघालंय, मला वाचता येत नाही."

आमच्या जुन्या फॉन्टची भानगड अशी की तो मशीनवर नसला तर मराठी मराठी दिसत नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, टिंबं यांचा नुसता काला दिसतो. सॉफ्टवेअर कुलपाशिवाय चालत नाही आणि कुलूप ज्या मशीनचं, ती मशीन आता डिस्कविना. पण मला सॉफ्टवेअरची गरज नव्हती. मी एक बंद कीबोर्ड पुढ्यात घेतला आणि स्क्रीनवरचा काला बघत बोटं चालवली. कुठली कळ दाबली की कुठलं मराठी अक्षर येतं हे बोटांना पाठ आहे. डोळ्यांना काही कळत नव्हतं, बोटं वाचत होती. सोलापुरात तो फॉन्ट असा वाचू शकणारी माणसं आता दोनच असतील. एक मी, दुसरा बेपत्ता.

बहुतेक सगळं माझंच पत्रक होतं. "हरवला आहे" शेकडो वेळा. फोटोच्या पट्ट्या, त्यात एक डोळा, एक कॉलर. आणि त्या गर्दीत कुठेकुठे पाच-सात ओळींचे तुकडे. पहिला वाचला आणि माझी बोटं कळांवरच थांबली.

"अक्का, टेंभुर्णीला उतरलो. का ते माहीत नाही. रात्र स्टँडवर काढली. एका माणसानं अर्धा चहा दिला."

मी मोठ्यानं वाचत होते, इरफान कागदावर उतरवून घेत होता. पुढचा तुकडा: "माळशिरसवरून पुढं जाणाऱ्या गाडीत बसलो. गाव मागं पडल्यावर मध्येच उतरलो, माळावर. कंडक्टर म्हणाला हितं काय हाय? मी म्हणालो काम आहे." मग एक: "तलाव आहे. बांधावर पत्र्याची खोली, दारावर कुणीतरी गाय रंगवायला घेतलेली, पुढचे पायच काढलेत." मग: "मेंढरांवाल्या म्हातारीनं भाकरी दिली. नको म्हणालो तर रागावली. निम्मी तिच्या कुत्र्याला घातली. कुत्र्याला तीन पाय आहेत अक्का, पण पळतं."

मला वाटलं त्यानं जायच्या आधी हे सगळं बेत म्हणून लिहून ठेवलं असेल. गोष्टीसारखं. घाईत माणूस जे वाटून घ्यायचं ते वाटून घेतो. इरफान म्हणाला, "आपा, या तुकड्यांना क्रम नसतो. आधीचा कुठला, नंतरचा कुठला, कळत नाही." त्याचा अर्थ मला पुढचे दोन तुकडे वाचल्यावर समजला.

एक होता: "उद्या घरी जाईन. अक्काला सांगेन की मला बरं नाही. ओरडली तर ओरडू दे."

आणि दुसरा: "अक्का, उतरलो. गार आहे, पण वाटलं होतं तेवढं नाही. आईला तू सांग."

दोनच तुकडे. यातला शेवटचा कुठला? मी ते दोन्ही परत वाचले, परत परत, बंद कीबोर्डवर बोटं आपटत. त्या काल्यात तारीख नव्हती, वेळ नव्हती, काही नव्हतं. इरफाननं कागद खिशात घातला आणि मेव्हण्याकडून गाडीची किल्ली आणायला पळाला. आईला मी फोनवर फक्त "जाऊन येते" म्हणाले. तिनं कुठं विचारलं नाही.

टेंभुर्णीपर्यंतचा हायवे आम्ही कुठं न थांबता कापला. स्टँडवर पत्रक दाखवलं, कुणाला आठवेना. तिथून माळशिरस. गाव ओलांडल्यावर ऊस संपतो आणि माळ लागतो. तलाव एक का आहेत? जो दिसेल त्याला थांबवून मी विचारत होते, तीन पायांचं कुत्रं बघितलंय का? लोक माझ्याकडे बघायचे, मग इरफानकडे बघायचे. दोन तलाव बघून झाले. पत्र्याची खोली नाही. दुसऱ्या तलावाच्या बांधावर मी खालीच बसले. मला वाटलं, आपण एका मेलेल्या डिस्कमधल्या गोष्टीमागे धावतोय आणि तिकडे तो सोलापुरातच कुठेतरी... इरफाननं मला हाताला धरून उठवलं.

चार वाजून गेले असतील. एका चहाच्या टपरीवर टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. "तीन पायाचं? व्हय, हाय की. सखूबाईचं. लई वर्सांमागं ट्रकखाली सापडलं व्हतं. फुडं डावीकडं कच्चा रस्ता हाय, पाझर तलाव, तितं मेंढरं बसत्यात त्येंची."

पहिली दिसली ती पत्र्याची खोली. दारावर गाय. पुढचे पायच काढलेले. मग कुत्रं भुंकत आलं, तीन पायांवर, आणि त्याच्यामागे लुगड्याचा पदर खोचलेली म्हातारी.

"कुटनं आलासा?"

मी पत्रक पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं फोटो बघितला. "ह्यो व्हय! तुमी त्येची भैन का? काल सांज व्हायच्या आत आला बगा. हितंच पडून व्हता. बोलत न्हाय लई. आज सकाळच्याला माजी भाकर दिली, तर निम्मी त्या कुत्र्यालाच घातली की. म्या म्हनलं आरं, माणसानं..."

ती पुढे काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. इरफान माझ्याकडे बघत होता. तो पांढराफटक पडलेला. मला आधी कळेना, मग कळलं. भाकरी आज सकाळी. गुरुवारी. आणि कॉपी पूर्ण झाली बुधवारी सहा चाळीसला. मूळ डिस्क मेलेली, इरफानच्या ड्रॉवरमध्ये. कुठून आली मग ती भाकरी त्या कॉपीत?

पण ते सगळं नंतर. तेव्हा मी फक्त ओरडले, "कुठं आहे तो?"

म्हातारीनं हात केला. बांधाच्या पलीकडे, उतारावर, पाण्यापासून दोन हातांवर नागेश बसला होता. निळा चौकड्यांचा शर्ट. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. कोरडा होता. मी ते आधी बघितलं, कोरडा आहे. मग मी पळाले, घसरले, गुडघे फुटले, आणि त्याला मागून मिठी मारून धरला तो धरलाच. तो दचकला नाही. नुसता म्हणाला, "अक्का? तू कशी आलीस?"

"तूच लिहिलंस ना रे! टेंभुर्णी, माळशिरस, भाकरी..."

"मी कुठं काय लिहिलं?" तो खरंच गोंधळला होता. "माझ्याकडं पेन पण नाही." मग पाण्याकडे बघत, "मनात बोलत होतो तुझ्याशी. दोन दिवस. दुसरं कोण होतं बोलायला."

इरफान वर बांधावर थांबला होता. त्यानं खाली येऊन कागद माझ्या हातात दिला आणि परत वर गेला. मी एकेक तुकडा वाचत गेले. अर्धा चहा. तो म्हणाला, हो. कंडक्टर. हो, असंच. गाय, कुत्रं. हो अक्का, हेच, असंच्या असं. "उद्या घरी जाईन" वाचलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल रात्री म्हणालो होतो. सकाळी परत धीर सुटला."

मग एकच राहिला. वाचू नये असं वाटत होतं, पण न वाचणंही जमेना. "अक्का, उतरलो. गार आहे, पण वाटलं होतं तेवढं नाही. आईला तू सांग."

नागेशनं माझ्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. इरफानच्या अक्षरातली.

"हे मी अजून म्हणालो नव्हतो," तो म्हणाला.

मी आजवर कुणासमोर एवढ्या मोठ्यानं रडले नाही. म्हातारी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिला वाटत होतं मी आनंदानं रडतेय. आनंद होताच की. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, ते अजून आहे.

आता तुम्ही विचाराल, मग उलगडा काय? नाही. इरफाननं कॉपीची तारीख तीन जणांना दाखवली. एक म्हणाला मशीनचं घड्याळ चुकलं असेल. चुकलं नव्हतं. एक म्हणाला नागेशनं आधीच लिहिलं असेल. मग गायीचे दोनच पाय आणि गुरुवार सकाळची भाकरी त्याला आधीच कशी माहीत? त्या भागात तो जन्मात गेला नव्हता. कुणी म्हणालं इरफाननंच केलं. इरफानला तो फॉन्ट वाचता येत नाही, लिहिणार काय? वडील असते तर म्हणाले असते, कागद दाखवा. कागद आहे माझ्याकडे. कागद असूनही काही कळत नाही, हे त्यांना कसं सांगितलं असतं माहीत नाही.

नागेशवर डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. गोळ्या आहेत, दर पंधरा दिवसांनी बोलायला जायचं असतं. बरं आहे. काही दिवस खूप बरं, काही दिवस नाही.

मागच्या महिन्यात इरफान म्हणाला, "आपा, त्या कॉपीत अजून बरेच तुकडे आहेत. तुमच्या फॉन्टमधले. आपण दहा-अकराच वाचले. उघडू का?"

त्या रात्री मला झोप आली नाही. त्यात पुढचं असेल. तो काय म्हणणार आहे, कधी म्हणणार आहे. वाचलं तर पहारा ठेवता येईल. कुठली बहीण नाही म्हणेल? सकाळी मी इरफानच्या दुकानात गेले, बंद कीबोर्ड पुढ्यात ओढला, बोटं कळांवर ठेवली आणि तशीच बसून राहिले. माझा भाऊ घरी चहा पीत बसला होता आणि मी त्याच्या मनातलं वाचायला इथे आले होते. दोन दिवस तो मनातल्या मनात का बोलत राहिला? समोर बोलायची सोय मी ठेवली नव्हती म्हणून. मी इरफानला सांगितलं, पुसून टाक. त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. बऱ्याचदा वाटतं की चूक.

काल दुपारी दुकानात गर्दी होती. लग्नसराई, सहा-सात माणसं काउंटरला खेटून उभी. नागेश आतून उठून आला, त्या सगळ्यांसमोर माझ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, आज मला बरं वाटत नाहीये."

मी गिऱ्हाइकांना उद्या या म्हणाले आणि शटर खाली ओढलं.